स्थावर भिंत, जंगम धंदा

बाराव्या शतकात बसवेश्वरांनी स्थावर आणि जंगम यांत फरक केला आणि मान जंगमाला दिला. दगडात बांधलेल्या देवालयापेक्षा चालत्या, कष्ट करणाऱ्या देहात त्यांना देव खरा वाटला. म्हणून काम हे 'कायक' आणि त्यातून मिळालेले वाटणे हा 'दासोह'. सातारा-सांगलीच्या पेठांत लिंगायत वाण्यांची दुकाने पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तेव्हा हा विचार बाजाराला परका नाही. वडूजसारख्या गावी छोट्या धंद्यांसाठी स्वस्त इमारत बांधायची तर सिमेंटच्या भावाआधी हा भेद विचारात घ्यावा लागेल. त्या इमारतीत कायम राहण्याचा अधिकार कशाला द्यायचा?

आजवर आपण तो भिंतीला दिला. दहा बाय बाराचा गाळा, पुढे शटर, लिलाव आणि अनामत. शिलाई मशीन घेऊन बसणाऱ्या बाईला त्यातली चौथाई जागा पुरते, पण भाडे पूर्ण गाळ्याचे. वेल्डिंगवाल्याला दोन गाळे लागतात, पण मधली भिंत पाडता येत नाही. मग दोघेही रस्त्याकडेला पत्रा ठोकतात आणि अतिक्रमण ठरतात. त्यातून वडूजचा खटाव तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस झाला की बियाणे, खते, मोटार-रिवाइंडिंग यांची गर्दी. त्याने ओढ दिली की तीच दुकाने ओस. येरळा नदीकाठच्या या पेठेचा व्यापार असा आभाळाकडे बघून बदलतो. तिथे तीस वर्षांची भिंत घालणे म्हणजे दुसऱ्याच्या उद्याचा निकाल आपणच देऊन टाकणे. डच वास्तुविशारद हाब्राकेन यांनी १९६१ साली घरांबाबत हेच मांडले: सर्वांचा सांगाडा वेगळा, ज्याचे त्याचे भरण वेगळे. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत प्लॉटवर पाणी-मोरीचा गाभा देऊन उरलेले घर राहणाऱ्यावर सोपवले. पेठेतही खांब, तुळया, उंच छप्पर, पाणी, गटार, स्वच्छतागृह आणि जागोजाग मीटरची सोय एवढेच पक्के करावे, आडभिंती नटबोल्टच्या. बाहेरच्या भिंतीत वास्तुविशारद लॉरी बेकरांनी रुजवलेली रॅट-ट्रॅप रचना वापरली, तर विटा कडेवर उभ्या राहून आत पोकळी उरते, सुमारे पाव विटा वाचतात आणि उन्हाळ्यात आत उकाडाही कमी जाणवतो.

बसवेश्वरांचा भेद भक्तीचा होता, तो बांधकामाला कसा लावता, असे कोणी विचारील. पण कामालाच उपासना म्हटल्यावर कामाची जागा उपासनेबाहेर कशी ठेवणार? दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. लक्ष्मीपूजनाला दुकानदार स्थिर लक्ष्मी मागतो; हलत्या पडद्याआड त्याची पत कुठे राहील, बँक त्याला कशाच्या आधारावर कर्ज देईल? ही भीती खरी आहे, आणि पत्र्याआड बसवलेल्या माणसाला हिणवले जाते हेही खरे. मात्र त्याने मागितलेले स्थैर्य चुलीचे आहे, विटेचे नव्हे. ते देण्यासाठी लांब मुदतीचा नोंदणीकृत भाडेकरार हवा, ज्यात जागेचे चौरस फूट बदलले तरी हक्क बदलत नाही. आगीचा प्रश्न वेगळा आहे, तिथे तडजोड नको: वेल्डिंग आणि कापड यांच्यामध्ये वीटच असावी, मग ती भिंत कितीही स्थावर असो. बाकीच्या आडभिंती कुठे सरकवायच्या हे त्या छपराखाली बसणाऱ्यांच्या बैठकीत ठरावे, आणि शिलाई मशीनवाल्या बाईचे मत तिथे वेल्डिंगवाल्याइतकेच मोजले जावे.