बाद झालेला गडी

खेळाने विद्यार्थ्याचा विकास होतो, हे वाक्य आम्ही शिक्षक मंडळी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. बी. एड. च्या उत्तरपत्रिकेतही आम्ही ते लिहिले. पण हा विकास नेमका कशाने होतो? जिंकल्याने की हरल्याने? आम्हांला वाटते, बाद होऊन बाहेर बसल्याने आणि पुन्हा आत आल्याने.

घोडेगाव ओलांडून भीमाशंकरच्या वाटेवर डिंभे लागते. अशा डोंगरपट्ट्यातल्या शाळांना कबड्डी परवडते. फक्कीची रेघ ओढली, सात-सात गडी उभे केले की झाले. या खेळाचे तीन जुने प्रकार आहेत: गामिनी, अमर आणि संजीवनी. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. अमरमध्ये समोरच्याला गुण मिळतो, पण गडी मैदान सोडत नाही. संजीवनीत बाद झालेला बाहेर बसतो आणि आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की आत येतो. 1990 पासून आशियाई क्रीडा स्पर्धांत खेळली जाते ती कबड्डी याच संजीवनीच्या नियमाची.

आमच्या शिक्षणानेही हे प्रकार खेळून पाहिले आहेत. पूर्वी नापासाचा शिक्का बसला की मूल कायमचे बाहेर, ही गामिनी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही असे ठरवले, ती अमर. मूल वर्गात टिकले, हे चांगलेच झाले. पण आपण कुठे पडलो हे पुष्कळांना कळलेच नाही. 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीत पुन्हा थांबवण्याची मुभा दिली. संजीवनी मात्र कायद्याने आणता येत नाही. त्यासाठी आत उरलेल्यांनी खेळावे लागते.

इथेच खरा नैतिक प्रश्न येतो. पडलेल्याला परत घेणे हा त्याचा हक की इतरांचे एहसान? कबड्डीचे उत्तर आम्हांला पटते. जो आधी बाद झाला तो आधी आत येतो. कर्णधाराचा भाऊ असो वा नवखा पोरगा, क्रम बदलत नाही. चढाई करणाऱ्याने कोणावर दया केलेली नसते. तो संघासाठी दम घालतो आणि त्यातच दुसऱ्याचे परतणे येते. बाहेर बसलेल्या मुलालाही कळते की आपण एकट्याच्या बळावर परतलो नाही. उद्या आपणही कोणासाठी तरी मध्यरेषा ओलांडायची आहे. गुणपत्रिकेत या शिकण्याला रकाना नाही.

हा नियम जगात सगळीकडे चालत नाही, हे डिंभ्याइतके कोणाला ठाऊक असणार? कुकडी प्रकल्पातील डिंभे धरण झाले, घोड नदीच्या पाण्याने खालची शेते भिजली. पण ज्या आंबेगावचे नाव तालुक्याला आहे, ते गाव पाण्याखाली गेले. त्याला पुन्हा आत घेणारी चढाई झाली नाही. पाणी सर्वांना हवे होते, हे खरे. पण जो इतरांसाठी बाहेर गेला त्याचे देणे कोण फेडणार, हा प्रश्न त्या पाण्यावर आजही तरंगतो आहे.

आपल्या घरांकडेही पाहू या. चौथी-सातवीनंतर जवळ उर्दू हायस्कूल नसले की कितीतरी मुले गळतात. मुलगी मोठी झाली की तिचे मैदान संपते. एकही चढाई न करता ती बाद होते. कारण बहुधा पोशाखाचे दिले जाते. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी डोके झाकूनच खेळून अंतिम सामन्यात भारताला 27-24 असे हरवले. त्यांच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. पुढच्या, हांगझोऊच्या स्पर्धेत 2023 मध्ये भारताच्या मुलींनी सुवर्ण परत मिळवले. दोन्ही संघ शिकले, कारण दोन्ही संघांना खेळू दिले गेले.

शाळेने किती ढाली आणल्या हे आपण कौतुकाने विचारतो. आपले किती गडी बाहेर बसले आहेत आणि त्यांच्यासाठी आज कोण दम घालतो आहे, हेही विचारायला हवे. तो हिशेब मांडणारी वस्तीच आपल्या मुलांना घडवते, असे आम्हांला वाटते.