शॅमरॉकची डबी

खाली बसा. पाठ टेकली तरी चालेल. हात मांडीवर मोकळे, तळवे वर. श्वास त्याच्या गतीनं येऊ द्या, जाऊ द्या. त्याला हाकायचं नाही.

तळहातावर पुठ्ठ्याची एक छोटी डबी आहे असं समजा. लंडनमधलं किलबर्न, १९५०चं दशक, मार्चचा मधला आठवडा, आयर्लंडच्या संत पॅट्रिकचा सण तोंडावर. त्या वर्षांत लाखो आयरिश माणसं पोटासाठी घर सोडून गेली, बहुतेक इंग्लंडलाच. कुणी रस्ते खणायला, कुणी इस्पितळात नर्स म्हणून. त्यांतल्याच एकीची ही भाड्याची खोली. डबीवरचा पत्ता आईच्या अक्षरातला. त्या अक्षरापाशी थांबा. घाई नाही.

आता झाकण उघडा. आत ओलं शेवाळ आणि त्यात शॅमरॉकची जुडी, टपालाच्या प्रवासानं मलूल झालेली. एक काडी बोटांत धरा. मेथीसारखीच तीन पानं, पण नखाएवढी. वास ओल्या मातीचा. संत पॅट्रिकनं या पानावरून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा समजावला असं लोक सांगतात. त्याच्या स्वतःच्या लिखाणात ते नाही. तिथं जे आहे ते मला जास्त जवळचं वाटतं.

तो मुळात ब्रिटनचा. पाचव्या शतकातला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याला पळवून आयर्लंडला नेलं. सहा वर्षं गुलामीत मेंढरं राखली. उजाडायच्या आधी बर्फात, पावसात उठून तो प्रार्थना करी. पुढे निसटला, घरी पोचला. घरच्यांनी विनवलं, आता आम्हाला सोडून जाऊ नकोस.

इथं श्वास सावकाश घ्या.

मग एका रात्री स्वप्नात एक माणूस आला, आयर्लंडहून, असंख्य पत्रं घेऊन. त्यातलं एक त्यानं पॅट्रिकच्या हाती दिलं. वाचायला सुरुवात करतो तोच तिथल्या जंगलाकाठच्या लोकांचे आवाज ऐकू आले: परत ये, आमच्यात वावर. त्याला इतकं भरून आलं की पुढे वाचवेना. जाग आली.

जिथं गुलामी सोसली, तिथूनच हाक. आणि तो गेला.

म्हणूनच या संताचा सण परक्या गावी राहणाऱ्यांचा जास्त वाटतो मला. न्यूयॉर्कमध्ये १७६२ साली मिरवणूक निघाली, ती काढणारे घरापासून दूर आलेले आयरिश सैनिक होते. शिकागोत १९६२पासून या सणाला नदी हिरवी करतात. रंगाची ती हौसही खरीच, पण मन डबीकडेच वळतं.

त्या खोलीत परत या. ती जुडी बशीतल्या पाण्यात ठेवा. रात्र जाऊ द्या. खिडकीबाहेर बस जाते, काच थरथरते. तुमच्याही मनात कुठून तरी कुणाचं अक्षर येत असेल. कुणाचं, ते मला सांगू नका. नुसतं ओळखा, आणि त्याच्याजवळ बसा.

सकाळी पानं थोडी उभी राहिली आहेत. सगळी नाहीत. खोलीत राहणारी ती त्यातली बरी निवडून कोटाला टाचणीनं लावते, उरलेली शेजारच्या खोलीतल्या मुलीला देते, जिला यंदा डबी आली नाही. दोघी क्वेक्स रोडच्या चर्चमध्ये मिस्सेला निघाल्यात.