दरवाजे राहिले, पेठांचं काय?

दिल्ली दरवाजा उत्तरेला, जालना दरवाजा पूर्वेला, पैठण दरवाजा दक्षिणेला आणि मक्का, म्हणजे लोकांच्या तोंडचा मकाई, पश्चिमेला. औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, तटबंदीला हे चार मुख्य दरवाजे ठेवले गेले आणि प्रत्येकाला त्यातून बाहेर पडणारी वाट जिकडे जाते तिकडचं नाव मिळालं. म्हणजे दरवाजा बांधणाऱ्याच्या मनात आधी रस्ता होता आणि मग कमान. या शहराचा वारसा जपायचा म्हणजे काय जपायचं, हा विचार इथूनच सुरू करायला हवा.

शहर मलिक अंबर या हबशी सरदाराने 1610 साली खडकी या गावी वसवलं. त्याच्या मुलाने, फत्तेखानाने, त्याला फतेहनगर म्हटलं. 1653 मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून औरंगजेब दुसऱ्यांदा आला आणि ते औरंगाबाद झालं. तट मात्र बराच नंतरचा, 1682 मधला. तेव्हा रायगडावर छत्रपती संभाजी महाराजांचं राज्य होतं आणि मराठ्यांच्या स्वाऱ्यांपासून बचाव हाच तटाचा हेतू होता. ज्या राजाच्या धास्तीने ही भिंत उभी राहिली, त्याचंच नाव आज शहराला आहे. इतिहासाची इतकी गुंतागुंत फार थोड्या शहरांच्या वाट्याला येते. म्हणून इथल्या एकेका दगडाकडे लक्ष देऊन पाहायला हवं.

‘बावन्न दरवाज्यांचं शहर’ ही ओळख पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आज त्यांतले मोजकेच उभे आहेत आणि तट बहुतेक ठिकाणी गेला आहे. भिंत नसलेला दरवाजा एकटा पडतो. काही दरवाज्यांभोवती रस्ता दोन्ही बाजूंनी वळवला आहे, त्यामुळे ते वाहनांच्या वेढ्यात उभे असतात. मकाई आणि महमूद दरवाज्यांची गोष्ट उलटी आहे. त्यांच्या कमानींखालून पालखी, घोडे आणि बैलगाड्या जाव्यात असा हिशेब होता. पुढे त्याच कमानींवर मोटारींच्या शहराचा भार आला. गेल्या काही वर्षांत स्मार्ट सिटी योजनेतून काही दरवाज्यांची आणि शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याची डागडुजी झाली. चुन्याचं काम करणारे कारागीर आले, वर उगवलेली झाडं निघाली, दिवे लागले. हे काम चांगलंच झालं आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण पैठण गेटपासून आत चालू लागा. टिळक पथाने गुलमंडी येते. इथे सुपारी हनुमानाचं मंदिर आहे आणि दिवाळीच्या आधी पाय ठेवायला जागा नसते. पुढे मछली खडकवरून सिटी चौक, तिथून सराफा, मग शहागंज. एका बाजूला राजाबाजार, जिथल्या संस्थान गणपतीचा शहराच्या विसर्जन मिरवणुकीत मान मोठा. कापड, भांडी, सोनं, अत्तर, इमरती, नान-खलिया, पान : प्रत्येक वस्तूची आपली गल्ली आणि प्रत्येक गल्लीची आपली वेळ. दुकानावरच्या मजल्यावर पाहिलं तर अजूनही कुठेकुठे लाकडी सज्जा दिसतो, कोरीव खांब दिसतो, पातळ विटांची चुन्यात बांधलेली भिंत दिसते. खाली मात्र चकचकीत काच आणि मोठमोठे फलक. तिकडे जाफर गेटला आठवडी बाजार भरतो, शेजारी जुना मोंढा. दरवाजा, बाजार आणि धान्याच्या गाड्या यांचं नातं तिथे अजून ओळखू येतं.

या सगळ्याला संरक्षण कोणाचं? बीबी का मकबरा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. त्याच्याभोवती शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, असं 2010 पासून कायदा सांगतो. काही वास्तू राज्याच्या यादीत आहेत. या यादीचं एकक मात्र ‘वास्तू’ हे असतं. गुलमंडीची पेठ ही एक वास्तू नाही. तिथला एखादा वाडा पडला तर इतिहासाचं काही पडलं असं सरकारदप्तरी नोंदवलं जात नाही.

इंग्लंडने 1967 मध्ये कायदा करून इमारतींच्या बरोबरीने संपूर्ण परिसर राखण्याची तरतूद केली. ब्रायटनसारख्या समुद्रकाठच्या गावात जुन्या कोळीवस्तीच्या बोळांचा एकत्रित विचार होतो तो त्यामुळेच. आपल्याकडेही उदाहरणं आहेत. 2017 मध्ये अहमदाबादचं तटातलं शहर, त्याच्या पोळांसकट, म्हणजे जुन्या गल्ली-वस्त्यांसकट, जागतिक वारसा ठरलं. पुढच्याच वर्षी मुंबईतल्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना एकत्रित मान मिळाला. त्यात मरीन ड्राइव्हवरची माणसं राहतात ती घरंही आली.

अशी अख्खी पेठ राखण्यावर जुन्या शहरातले रहिवासी जे म्हणतात ते खरं आहे. रुग्णवाहिका अडकते. सागवानी तुळई बदलायला लाख रुपये लागतात, आणि सिमेंटचा गवंडी कोपऱ्यावर मिळतो तसा चुन्याचा मिळत नाही. वारशाचा बोजा एकट्या घरमालकाच्या डोक्यावर टाकून कुठलीही पेठ वाचणार नाही. करात सूट, दुरुस्तीला अनुदान आणि कारागिरांचं प्रशिक्षण हे आधी द्यायला हवं, नियम त्यानंतर.

आणि वापर बदलला म्हणून वारसा उणा होतो, असंही नाही. भडकल दरवाजा मलिक अंबरने 1612 च्या सुमारास मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून बांधला. आज त्याच्याजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे आणि 14 एप्रिलला तिथे माणसांचा सागर लोटतो. ज्यांनी 1950 मध्ये याच शहरात मिलिंद महाविद्यालयाची उभारणी केली, त्यांना वंदन करायला लोक हबशी सरदाराच्या कमानीपाशी जमतात. दरवाज्याला यापेक्षा जिवंत उपयोग कोणता हवा? तो टिकला तो त्याच्याभोवती माणसं टिकली म्हणून.

महानगरपालिकेने वारशाची पुढची यादी करताना पैठण गेट ते शहागंज हा सगळा रस्ता एक नोंद म्हणून लिहावा. आणि ज्यांच्या घरात जुन्या वाड्याचे फोटो, नकाशे, खरेदीखतं असतील, त्यांनी ती रद्दीत जाण्याआधी शहरातल्या एखाद्या ग्रंथालयाला किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला दाखवावीत.