साकिन

उर्दू शिकवताना आम्ही मुलांना सांगतो, ज्या अक्षराला जबर, जेर, पेश यांपैकी काहीच नाही ते साकिन, म्हणजे स्थिर. जुन्या दस्तऐवजांत हाच शब्द माणसाच्या नावापुढे यायचा : साकिन अमुक गाव, म्हणजे तिथला राहणारा. सुकून, मस्कन, साकिन ही एकाच अरबी धातूची लेकरं. थांबणं आणि राहणं भाषेनं वेगळं मानलं नाही.

मशिदीला आम्ही अल्लाहचं घर म्हणतो. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत एतेकाफला बसणारा बाजार, भाऊबंदकी बाहेर ठेवून तिथं मुक्काम करतो. त्याची शांतता खरीच. पण तरावीहला मागच्या सफेत पोरं खुदखुदली की सलाम फेरताच एखादे बुजुर्ग कान पिरगळून त्यांना बाहेर काढतात. मग जी शांतता पसरते, ती घराची की कचेरीची?

नसाईच्या हदीस-संग्रहात एक प्रसंग आहे. नमाज पढवताना पैगंबरांनी (स.) सजदा फार लांबवला. काही अघटित तर घडलं नाही ना, असं लोकांना वाटलं. नातू पाठीवर चढला होता, हसन किंवा हुसैन. त्याचं मन भरण्याआधी त्याला उतरवणं त्यांना बरं वाटलं नाही. मागं अख्खी जमात कपाळ टेकून स्तब्ध, आणि पुढं एक पोर रपेट करतंय! त्या पोराला मशीद कधी परकी वाटली असेल?

उमामा या नातीला तर ते नमाजेत अंगावर घेऊन उभे राहत, सजद्याला जाताना खाली ठेवत. आमच्याकडे कित्येक मशिदींत मुलीला वजूच्या हौदापर्यंतही जागा नाही. तिनं आपलं साकिन कुठलं लिहायचं?