शंकासमाधान : चित्रांवरून रामरक्षा

शंका : आम्ही भिलाईच्या टाउनशिपमध्ये राहतो. मुलगा पोलाद कारखान्यात आहे. नातवंडं आपसात हिंदीच बोलतात. गणेशोत्सवातल्या पाठांतर स्पर्धेसाठी सूनबाई त्यांना रामरक्षा शिकवते आहे. अवघड नावांसाठी तिने चित्रं काढली आहेत : ‘मखत्राता’ला गणपतीचं मखर, ‘खरध्वंसी’ला गाढव. पाठांतर पटापट होतंय, पण गाढव आलं की मुलं खिदळतात. मला हे खटकतं. यात स्तोत्राचा अवमान होतो का?
– एक आजी, भिलाई

समाधान : आजी, चित्र काढण्यात अवमान नाही. रामरक्षेतच कवचाआधी ध्यान येतं. हातात धनुष्यबाण, अंगावर पिवळं वस्त्र, डाव्या मांडीवर सीता असा राम डोळ्यांपुढे आणायचा आणि मग म्हणायला लागायचं. म्हणजे चित्राची सोय स्तोत्रकर्त्यानेच करून ठेवली आहे.

कवचाचा भाग तर याहून विलक्षण आहे. रामाची नावं डोक्यापासून पावलांपर्यंत एकेका अवयवावर ठेवली आहेत आणि बहुतेक कथेच्या क्रमाने ठेवली आहेत. कपाळाशी दशरथाचा मुलगा, डोळ्यांशी कौसल्येचा. कानांशी विश्वामित्रांचा लाडका, कारण त्यांच्याकडून ऐकून तो शिकला. नाकाशी यज्ञाचा रक्षक. होमाचा धूर नाकालाच आधी कळतो. शिवधनुष्य मोडणारा दंडांशी, सीतापती हातांशी, कारण पाणिग्रहण हातानेच होतं. गुडघ्यांशी सेतू बांधणारा, पोटऱ्यांशी रावणाचा अंत करणारा आणि पावलांशी बिभीषणाला राज्य देणारा. अवयवांची ही कारणं मी लावलेली आहेत, पण कथेचा क्रम स्तोत्रातलाच आहे. मूल स्वतःच्या अंगावर हात फिरवत गेलं की पुढचं नाव आपोआप येतं आणि रामायणही कळत जातं. याहून चांगली युक्ती कोणी काढेल असं मला वाटत नाही.

म्हणून सूनबाईची पद्धत ठेवा, काही चित्रं मात्र बदला. मखर नुसत्या आवाजावरून सुचलं आहे आणि गाढव ‘खर’ शब्दाच्या दुसऱ्या अर्थावरून. मुलं हसतात हे पाप मानू नका. पण लहानपणी मनात बसलेली जोडी सहसा सुटत नाही. हीच मुलं मोठेपणी एखाद्या कठीण रात्री रामरक्षा म्हणतील, तेव्हा त्या नावापाशी गाढवच उभं राहील. इथला खर हा राक्षस. चौदा हजारांचं सैन्य घेऊन तो चालून आला आणि राम एकटा त्याला सामोरा गेला. ते चित्र काढा, मुलांना जास्त आवडेल. मख म्हणजे यज्ञ, म्हणून मखराच्या जागी होमकुंड काढा. ‘कौसल्येय’साठी तर तुम्हाला दूर जायला नको. रायपूरजवळच्या चंदखुरीला तळ्याच्या मधोमध कौसल्यामातेचं मंदिर आहे, तिथे मुलांना घेऊन जा. छत्तीसगड हे कौसल्येचं माहेर अशी श्रद्धा आहे, म्हणून राम इथे भाचा मानला जातो आणि भाच्याच्या पाया पडण्याची रीत आहे. तुमच्या नातवंडांचे मित्र हे घरी पाहतच असतील.

तुमच्या शेजारच्या गनियारीत जन्मलेल्या तीजनबाई पंडवानी, म्हणजे महाभारतातल्या कथा, गाताना हातातल्या तंबुऱ्याची कधी भीमाची गदा करत, कधी अर्जुनाचा रथ. महाभारत त्या आजोबांकडून ऐकून शिकल्या. तंबुरा प्रसंग डोळ्यांपुढे उभा करतो, पण शब्द कानांवाटेच आलेले आहेत. तुमचं काम इथे आहे, आजी. पुढे काय येतं हे चित्र सांगेल. ते कसं म्हणायचं हे तुमच्या तोंडून ऐकूनच येईल. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर तुम्ही म्हणा, मुलं मागून म्हणतील. ‘हृदय’ त्यांच्या तोंडी ‘ह्रिदय’ येईल, तुमच्या तोंडी ‘ह्रुदय’. त्यावरून रागावू नका. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं मात्र नीट करून घ्या.

नावं मुखोद्गत झाली की चित्रं बाजूला ठेवा. स्पर्धा संपल्यावर रामरक्षा थांबली, तर मला त्याचं अधिक वाईट वाटेल.

शंका : चित्रांचे पत्ते जमिनीवर पसरतात, पाय लागतो. जुने झाल्यावर त्यांचं काय करावं?

समाधान : चौरंगावर किंवा सतरंजीवर मांडा. पाय लागलाच, तर पुस्तकाला करतो तसा नमस्कार पुरे. जुने पत्ते धाकट्या भावंडांना किंवा शेजारच्या मुलांना द्या. प्लास्टिकचं आवरण असेल तर शिवनाथ नदीत सोडू नका.