फलक आणि चव्हाटा

चर्चच्या दारापाशी लावलेला सूचनाफलक आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. मिस्साच्या वेळा, विवाहाच्या घोषणा, मृतांसाठी प्रार्थना, साहाय्याचे कार्यक्रम असे सारे त्यावर लागते. वाचणारा बहुधा आपल्याच धर्मग्रामातला असतो. आठवड्याने कागद उतरतो आणि विषय संपतो. धर्मग्रामाचे संकेतस्थळ उभारताना आम्ही मंडळी हाच फलक संगणकावर नेत आहोत, अशी आमची समजूत होती. ती चुकीची ठरली.

या साधनाकडे पाठ फिरवावी असे आम्ही म्हणणार नाही. २००२ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात पोप जॉन पॉल दुसरे यांनी इंटरनेटला शुभवर्तमानाच्या घोषणेचे नवे क्षेत्र मानले होते. मात्र त्याच संदेशात त्यांनी त्याची तुलना प्राचीन रोममधील चौकाशी केली होती. माणसातील उत्तम आणि अधम, दोन्ही तेथे उघड्यावर येत. आखातात वा कॅनडात पोटापाण्यासाठी गेलेला मुलगा आईच्या अंत्यविधीची वेळ आज तेथूनच पाहतो आणि त्या घटकेला प्रार्थनेत सामील होतो. हे लहान पुण्य नव्हे.

परंतु एके दिवशी एका तरुणाचे पत्र आले. शाळेत असताना त्याला शैक्षणिक साहाय्य मिळाले होते. पाकीट स्वीकारतानाचे त्याचे छायाचित्र आम्ही नावानिशी प्रसिद्ध केले होते. नोकरीच्या ठिकाणी कुणीतरी ते शोधून काढले आणि त्याची थट्टा झाली. साहाय्याबद्दल तो कृतज्ञच होता. छायाचित्र तेवढे काढावे, इतकीच त्याची विनंती होती.

त्याच्या पालकांची संमती आम्ही घेतली होती काय? नव्हती. आणि विचारले असते, तरी मदतीचे पाकीट समोर असताना ‘नको’ म्हणण्याचे बळ किती मातांच्या अंगी असते?

देणगीदारांना हिशेब मिळाला पाहिजे, असे आमच्यातील काहींनी सुचविले, आणि ते रास्तच आहे. मात्र हिशेब आकड्यांनी देता येतो. त्यासाठी मुलाचा चेहरा लागत नाही. उजव्या हाताचे दान डाव्या हातालाही कळू नये, ही प्रभूची शिकवण आपण देणाऱ्याच्या संदर्भात वाचत आलो. घेणाऱ्याची लाज राखणे हेही तिच्यात अनुस्यूत आहे, हे आम्हांला उशिरा उमजले. कुणाच्या सुनामाला अन्यायाने बाधा आणू नये, कुणाच्या खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग करू नये, असे १९८३ च्या धर्मसंहितेतील २२० वे कलमही सांगते.

मग जाहीर काय करावे? विवाहाच्या घोषणेचेच उदाहरण घ्या. १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेने ती सर्वत्र लागू केली. विवाहाला काही अडथळा असल्यास तो जाणणाऱ्याने पुढे यावे, हा तिचा हेतू. वधूवरांना ओळखणाऱ्यांपर्यंत ती पोहोचली की तो हेतू पूर्ण होतो. अनोळखी जगापुढे त्यांची नावे व पत्ते मांडून त्यात भर पडत नाही. सूचना खरी आहे एवढेच पुरेसे नाही. ती कुणासाठी आहे, हेही विचारले पाहिजे.

आता आमच्या संकेतस्थळावर मिस्साच्या वेळा, अंत्यविधीची सूचना, साहाय्यनिधीचा जमाखर्च एवढेच असते. मुलांची छायाचित्रे आणि लाभार्थींची नावे नसतात. वेळ बदलली की त्याच दिवशी ती दुरुस्त करण्याचे काम एकाकडे नेमून दिले आहे, कारण जुनी वेळ वाचून बंद दारापाशी पोहोचलेल्या माणसाशी आपण खोटेच बोललेलो असतो.

त्या तरुणाचे छायाचित्र आम्ही तत्काळ काढले आणि त्याची क्षमा मागितली. त्याने ती केली. मात्र त्या छायाचित्राच्या प्रती अन्यत्र किती उरल्या आहेत, हे आम्हांला ठाऊक नाही, आणि फलकावरचा कागद उतरवावा तशा त्या उतरविणे आमच्या हाती राहिलेले नाही.