पाणी कुठवर चढतं?

मे २०२३मध्ये जर्मनीत ४९ युरोंचं तिकीट सुरू झालं. महिनाभर देशातल्या कुठल्याही लोकल आणि पॅसेंजर गाडीने हवं तितकं फिरा! माझा मास्टर्सचा थीसिस तेव्हा पार अडकला होता. एका शनिवारी लॅपटॉप खोलीवरच ठेवला, पोळीभाजीचा डबा भरला आणि कार्ल्सरूहहून हायडेलबर्गला गेलो. तासाभराचाही रस्ता नाही.

नेकार नदी, तिच्यावरचा लाल दगडांचा जुना पूल, वर डोंगरात अर्धवट ढासळलेला किल्ला. काठावरच्या गवतात लोक आडवे झाले होते, मीही झालो. कित्येक महिन्यांनी डोक्यात काही चालू नव्हतं. आजीला व्हिडिओ कॉल करून फोन गोल फिरवला. नारायण पेठेतल्या आमच्या घरात बसून तिने सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, "छानच आहे रे. पाणी कुठवर चढतं?"

मला हसू आलं. सुट्टीचा फोटो बघून हे कोण विचारतं?

परतताना पुलापाशी दगडावर कोरलेल्या आडव्या खुणा दिसल्या. प्रत्येकीपुढे एक साल. सगळ्यात वरची १७८४ची. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत बर्फाचे तुकडे घेऊन आलेल्या पुराने आधीचा लाकडी पूल मोडून नेला. आताचा दगडी पूल त्यानंतरचा, १७८८चा. ती खूण माझ्या डोक्याच्या बरीच वर होती आणि तिच्या खालून माणसं आइस्क्रीम खात निवांत चालली होती. गाडीला वेळ होता, म्हणून मी पुन्हा गवतात जाऊन पडलो. फक्त या वेळी जरा वरच्या अंगाला.

१२ जुलै १९६१ला आजी एकोणीस वर्षांची होती, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. पानशेत फुटलं, मग खडकवासला. भाताचं आधण तसंच ठेवून ती घरातून निघाली. त्या दिवसाबद्दल ती एवढंच सांगते. पाणी माडीला टेकायला थोडंच राहिलं होतं. ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ उरली, ती आजोबांनी ऑइल पेंटने पक्की केली. पुढे वाडा पाडून इमारत झाली. भिंतीबरोबर रेघ गेली. कुणी हळहळलं नाही. मीही नाही, मला तेव्हा स्वतःची खोली मिळणार होती.

आता पुण्यात नोकरी करतो. पहिल्या मजल्यावरचा आमचा दुसरा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. बाहेरगावचं एक जोडपं पाहायला आलं. ती थेट गॅलरीत गेली आणि म्हणाली, "किती शांत आहे इथे! नदी इतकी जवळ असेल असं वाटलं नव्हतं." एजंटने लगेच 'रिव्हर व्ह्यू' म्हणून घेतलं. (मुठेला रिव्हर व्ह्यू म्हणायला धाडस लागतं, पण ते सोडा.) मी काहीच बोललो नाही.

रात्री स्वतःशी वाद घातला. ६५ वर्षांपूर्वीची गोष्ट. धरण पुन्हा बांधलंय. पूररेषा नकाशावर आहेत, ज्याला हव्यात त्याने पाहाव्यात. मग इंजिनियर जागा झाला. लाल पूररेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. ते तीन वर्षं राहिले तर तीन टक्क्यांच्याही आत. एवढ्यासाठी कुणाला घाबरवायचं? आम्ही तीस वर्षं राहिलो तर तीच शक्यता २६ टक्के होते, हे गणित मी शेवटी केलं. धरण फुटणं तर या हिशेबात येतच नाही.

पण खरा प्रश्न टक्क्यांचा नव्हता. तिची शांतता बिघडेल म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत होतो. माझी हायडेलबर्गची शांतता त्या खुणेने कुठे बिघडली होती? कुणीतरी ती दगडावर कोरून ठेवली, म्हणून कुठे पडायचं ते मला ठरवता आलं. तिच्यासाठी तो निर्णय मी परस्पर घेऊन टाकला होता. कारणही उघड होतं, फ्लॅट दोन महिने रिकामा होता. २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं, त्या दिवशी आजी टीव्हीसमोरून उठली नव्हती. तिला न विचारता मला ही जागा 'शांत' म्हणून खपवता येत नव्हती.

सकाळी फोन केला. १९६१चं सांगितलं, रेघ कुठे होती तेही सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. भाडं कमी करायला सांगतील किंवा नाहीच म्हणतील, अशी तयारी ठेवली होती.

"बरं," ती म्हणाली, "मग धरणातून पाणी सोडल्याचा मेसेज आला की तुम्ही गाडी कुठे नेऊन लावता?"

मी फोन हातात धरूनच आजीच्या खोलीकडे गेलो.